पर्यावरणीय डीएनए आणि अधिवास-प्रतिमान : बुल ट्राउटच्या शोधाच्या निमित्ताने

एखाद्या प्रदेशात अमुक प्राणी आहे असे सांगणे सोपे असते. तो तेथे नाही असे सांगणे मात्र फार कठीण. पहिल्या विधानास एक नमुना, एक छायाचित्र किंवा एक निःसंदिग्ध पाऊलखूण पुरते. दुसऱ्या विधानासाठी किती ओढे धुंडाळले, किती रात्री जागून काढल्या आणि किती वेळा जाळे टाकले ह्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो देऊनही शंका शिल्लक राहतेच. वन्यजीव-संरक्षणातील कितीतरी निर्णय नेमके ह्या दुसऱ्या विधानावर अवलंबून असतात. एखाद्या ओढ्यावर मोरी बांधावयाची की नाही, एखाद्या खोऱ्यातील वृक्षतोडीस परवानगी द्यावयाची की नाही, परक्या माशाचा नायनाट करण्यासाठी पाण्यात विष सोडावयाचे की नाही, अशा प्रत्येक प्रश्नाच्या मुळाशी ‘येथे तो दुर्मीळ प्राणी खरोखरच नाही ना?’ ही पृच्छा असते. उत्तर चुकले तर ती चूक दुरुस्त करण्याची संधी बहुधा मिळत नाही.

गेल्या दोन दशकांत ह्या प्रश्नाच्या उत्तरासाठी दोन साधने पुढे आली आहेत. पाणी, माती किंवा हवा ह्यांत प्राण्याने मागे सोडलेले आनुवंशिक द्रव्य शोधणे हे त्यांतील एक. ह्या द्रव्यास पर्यावरणीय डीएनए असे म्हणतात. तपमान, उतार, वनस्पती, पाण्याचा पुरवठा अशा घटकांवरून तो प्राणी कोठे असण्याची संभाव्यता किती, ह्याचे गणिती चित्र तयार करणे हे दुसरे; ते अधिवासाचे प्रतिमान होय. दोन्ही साधनांविषयी स्वतंत्रपणे पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्यांचे खरे सामर्थ्य एकमेकांच्या आधाराने दिसून येते आणि त्यांच्या मर्यादाही तशाच उघड होतात. हे स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या वायव्य भागातील बुल ट्राउट ह्या माशाचे उदाहरण घेतले आहे. ह्या विषयात इतक्या विस्तृत प्रदेशावर दोन्ही साधने जाणीवपूर्वक एकत्र वापरली गेल्याची उदाहरणे फार नाहीत.

बुल ट्राउट (शास्त्रीय नाव साल्वेलिनस कॉन्फ्लुएंटस) हा नावाने ट्राउट असला तरी वस्तुतः ‘चार’ ह्या गटातील मासा आहे. कोलंबिया नदीचे खोरे, मोंटॅना, आयडाहो, वॉशिंग्टन, ऑरेगन आणि पश्चिम कॅनडा हे त्याचे क्षेत्र. त्याची प्रौढ मादी शरद ऋतूत डोंगरमाथ्याकडील थंड ओढ्यांत जाऊन तळाच्या गोट्यांत अंडी घालते. अंडी हिवाळाभर तेथेच राहतात आणि वसंतात पिल्ले वर येतात. त्यानंतरची काही वर्षे पिल्ले त्याच ओढ्यात काढतात. प्रौढांपैकी काही तेथेच राहतात, तर काही खालच्या मोठ्या नद्यांत किंवा सरोवरांत उतरून पुढे अंडी घालण्यासाठी परत येतात. पिल्लांना अतिशय थंड पाणी लागते. ऑगस्टमधील सरासरी तपमान सुमारे ११ अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यांचा आढळ झपाट्याने कमी होतो. पाणी तापत चालले, धरणांनी वाटा अडवल्या, वृक्षतोडीमुळे ओढ्यांत गाळ साचला आणि त्यांत भर म्हणून खंडाच्या पूर्व भागातील ब्रुक ट्राउट हा त्याचाच भाऊबंद पश्चिमेकडील पाण्यांत सोडण्यात आला. परिणामी कोलंबिया आणि क्लॅमथ खोऱ्यांतील बुल ट्राउटला १९९८ साली, तर कॅनडाच्या दक्षिणेकडील सलग राज्यांतील सर्वच बुल ट्राउटला १९९९ साली अमेरिकेच्या संकटग्रस्त जाति-कायद्याचे संरक्षण मिळाले.

कायद्याने संरक्षण मिळाले खरे, परंतु मासा नेमका कोठे आहे हे पुरते कोणासच ठाऊक नव्हते. त्याच्या शोधाची रूढ पद्धत म्हणजे विद्युत्-मासेमारी. पाण्यात विद्युत्-प्रवाह सोडून मासे क्षणभर बधिर करावयाचे, जाळीने उचलावयाचे, मोजून परत सोडावयाचे. दुसरी पद्धत म्हणजे रात्री श्वासनळी लावून ओढ्यात उतरणे आणि दिव्याच्या उजेडात मासे मोजणे. दोन्ही पद्धतींना प्रशिक्षित माणसे लागतात, जड उपकरणे पाठीवर वाहून न्यावी लागतात आणि दिवसभरात ओढ्याचा थोडासाच भाग तपासून होतो. विद्युत्-प्रवाहाने माशांना इजा होण्याचा धोका असतो तो वेगळाच. जेथे शंभर मीटरमध्ये एकदोनच मासे असतील, तेथे पथकाच्या हाती काहीही न लागण्याची शक्यता मोठी असते. असे रिकामे हात ‘मासा नाही’ म्हणून कागदावर नोंदले जातात आणि एकदा कागदावर चढलेली नोंद पुढे वर्षानुवर्षे पुरावा म्हणून वापरली जाते, हे क्षेत्रकार्य केलेल्या कोणासही ठाऊक असेल.

पर्यावरणीय डीएनएची कल्पना मूळची सूक्ष्मजीवशास्त्राची. गाळातून थेट डीएनए वेगळा करण्याचे प्रयत्न १९८०च्या दशकापासून होत होते. मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत ह्या कल्पनेस खरी दिशा मिळाली ती २००८ साली. त्या वर्षी फिचेतोला, मिओ, पोंपानों आणि ताबेर्ले ह्या संशोधकांनी फ्रान्समधील तळ्यांच्या पाण्याच्या नमुन्यांवरून अमेरिकन बुलफ्रॉग ह्या आगंतुक बेडकाचे अस्तित्व ओळखून दाखविले. बेडूक पकडावा लागला नाही, पाहावा लागला नाही, त्याचे ओरडणेही ऐकावे लागले नाही. थोडेसे पाणी पुरले. त्वचेच्या सुटलेल्या पेशी, श्लेष्मा, विष्ठा, मूत्र, प्रजननकाळातील शुक्रपेशी अशा नाना वाटांनी प्राणी आपले डीएनए सतत भोवताली सांडत असतो, हे तत्त्व त्यामागे होते. पुढे इंग्लंडमध्ये ग्रेट क्रेस्टेड न्यूट ह्या संरक्षित उभयचराच्या तपासणीसाठी २०१४ साली ही पद्धत शासकीय पातळीवर मान्य झाली. हवेतून प्राण्यांचे डीएनए गोळा करण्याचे यशस्वी प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाले. ते दोन वेगवेगळ्या गटांनी इंग्लंडमधील आणि कोपनहेगनमधील प्राणिसंग्रहालयांत केले होते.

बुल ट्राउटसाठी वापरली जाणारी कृती सांगावयास साधी आहे. ओढ्यातील पाच लिटर पाणी छोट्या पंपाने काचतंतूंच्या गाळणीतून ओढून घेतात. गाळणीची छिद्रे सुमारे दीड मायक्रोमीटरची असतात. गाळणी चिमट्याने उचलून ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या खड्यांसह पिशवीत बंद करतात आणि प्रयोगशाळेकडे पाठवितात. तेथे डीएनए वेगळा करून पॉलिमरेज शृंखला-प्रक्रियेने त्यातील ठराविक तुकड्याच्या असंख्य प्रती काढतात. प्रत्येक चक्रात प्रती दुप्पट होत असल्याने आरंभी मोजके रेणू असले तरी अखेरीस त्यांची संख्या सहज मोजण्याइतकी होते, आणि प्रतींबरोबर वाढणाऱ्या प्रकाशावरून ती मोजताही येते. जो तुकडा शोधावयाचा तो केंद्रकातील नसून तंतुकणिकेतील असतो. एका पेशीत केंद्रकीय जनुकाच्या दोनच प्रती असतात, पण तंतुकणिकीय डीएनएच्या शेकडो वा हजारो. जेथे पाच लिटर पाण्यात पेशीच मुळात मोजक्या असावयाच्या, तेथे हा फरक निर्णायक ठरतो.

सारे कौशल्य लागते ते हा तुकडा निवडण्यात. बुल ट्राउट आणि ब्रुक ट्राउट हे एकाच प्रजातिगणातील असून त्यांचे डीएनए बहुतांशी सारखे आहे. म्हणून असा तुकडा निवडावा लागतो की ज्यात दोघांमध्ये अनेक अक्षरांचा फरक आहे, आणि हे फरकही प्रक्रिया सुरू करणाऱ्या छोट्या साखळ्यांच्या नेमक्या त्या टोकास यावयास हवेत की जेथे एक अक्षर चुकले तरी प्रक्रिया अडते. टेलर विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ह्या दोन माशांच्याच संदर्भात अशी चाचणी कशी आखावी हे तपशीलवार मांडले. चाचणीची परीक्षा केवळ नळीत घेऊन भागत नाही. त्याच पाण्यात राहणाऱ्या इतर सर्व जवळच्या माशांच्या ऊतींवर ती करून पाहावी लागते. नाहीतर ज्याचा शोध घ्यावयाचा त्याच्या नावाखाली शेजाऱ्याचीच नोंद व्हावयाची.

आता प्रतिमानाकडे वळू. सजीवाचे स्थान त्याच्या भोवतालच्या परिस्थितीवरून समजून घेण्याचा विचार जोसेफ ग्रिनेल ह्यांनी १९१७ साली एका कॅलिफोर्नियन पक्ष्याच्या अभ्यासात मांडला, आणि हचिन्सन ह्यांनी १९५७ साली त्यास बहुमितीय अवकाशाचे गणिती रूप दिले. तपमान हा एक अक्ष, आर्द्रता हा दुसरा, अन्न हा तिसरा असे अक्ष कल्पिले की ज्या मर्यादेत जाती टिकून राहू शकते तो ह्या अवकाशाचा एक खंड होतो. आजची अधिवास-प्रतिमाने ह्याच कल्पनेची संगणकीय वंशज होत. ज्या ठिकाणी जाती आढळली तेथील घटकांची मूल्ये घ्यावयाची, ती इतर ठिकाणांशी ताडून पाहावयाची आणि त्यावरून न पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणी ती असण्याची संभाव्यता काढावयाची, एवढाच त्यांचा गाभा. पद्धती अनेक आहेत, आणि त्यांच्या नावांचे माहात्म्य विद्यार्थ्यांच्या मनात गरजेपेक्षा अधिक असते. पद्धत कोणती ह्यापेक्षा कोणत्या घटकांवरून आणि कोणत्या नोंदींवरून प्रतिमान उभे केले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

बुल ट्राउटच्या बाबतीत ह्या प्रश्नाचे उत्तर उत्तम मिळाले. अनेक संस्थांनी आणि व्यक्तींनी वर्षानुवर्षे ओढ्यांत ठेवलेल्या तपमापकांच्या नोंदी एकत्र करून ओढ्यांच्या जाळ्यातील प्रत्येक किलोमीटरच्या तपमानाचे आकडे तयार झाले होते. हवेचे तपमान घेऊन पाण्याचे अनुमान करण्याची नेहमीची पळवाट त्यामुळे टळली. ह्या आकड्यांस माशांच्या जुन्या नोंदींची जोड देऊन डॅनियल आयझॅक, मायकेल यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली एक प्रतिमान प्रसिद्ध केले. त्यास त्यांनी ‘हवामान-ढाल’ अशा अर्थाचे नाव दिले, कारण थंड पाणी हीच माशाची तापणाऱ्या हवामानापासूनची आणि आगंतुक प्रतिस्पर्ध्यापासूनची ढाल आहे. थंड पाण्याच्या सलग पट्ट्याची लांबी, त्याचा उतार, त्याचे तपमान आणि ब्रुक ट्राउटचे प्रमाण ह्यांवरून प्रत्येक पट्ट्यात बुल ट्राउटची पिल्ले असण्याची संभाव्यता त्यात दिली आहे. ह्या अभ्यासाने उत्तर रॉकी पर्वतातील अडीच लक्ष किलोमीटरहून अधिक लांबीचे ओढे व्यापले. शतकातील तापमानवाढीचे मध्यम आणि तीव्र असे दोन्ही अंदाज धरले, तर नव्वद टक्क्यांहून अधिक संभाव्यता असलेली आश्रयस्थाने बुल ट्राउटसाठी अवघी ३३ ते ६८ उरतात, आणि कटथ्रोट ट्राउट ह्या त्याच प्रदेशातील दुसऱ्या देशी माशासाठी ९१७ ते १४२५. दोन आकड्यांतील हे अंतर बोलके आहे. बुल ट्राउटला नुसते थंड पाणी पुरत नाही. ते लांबवर सलग असावे लागते. ह्या आश्रयस्थानांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक सार्वजनिक मालकीच्या जमिनीवर आहेत, परंतु राष्ट्रीय उद्याने किंवा राखीव रानांचे संरक्षण पंधरा टक्क्यांहूनही कमी जागांना आहे.

प्रतिमानाने जागा दाखविल्या. तेथे मासा प्रत्यक्षात आहे की नाही हे प्रतिमान सांगू शकत नाही. संभाव्यता म्हणजे आढळ नव्हे. सोयीचा ओढा रिकामा असण्यास अनेक कारणे असू शकतात. खाली धबधबा असेल, रस्त्याखालच्या मोरीचे तोंड पाण्याच्या पातळीपासून उंच राहिल्याने मासा वर चढू शकत नसेल, किंवा पूर्वी एखाद्या वणव्यात वा दुष्काळात तेथील माशांचा निर्वंश होऊन पुन्हा कोणी आलेच नसेल. उलटपक्षी, प्रतिमानाने नापसंत केलेल्या ओढ्यात भूगर्भातील थंड झरे फुटत असतील आणि त्यांच्या आधाराने मासा टिकून असेल. अंडी घालण्यासाठी भूजल वर येणाऱ्या जागा बुल ट्राउट निवडतो, हे मोंटॅनातील अभ्यासांतून दिसून आले आहे. एक किलोमीटरच्या सरासरीत असे झरे हरवून जातात.

येथे पाण्याची गाळणी उपयोगी पडली. केविन मॅकेल्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम मोंटॅनातील पाच उपखोऱ्यांतील उगमाकडच्या ओढ्यांत पर्यावरणीय डीएनएचे नमुने घेतले. एकाच पथकाने सुमारे आठ दिवसांत १२४ नमुने गोळा केले. हे काम २०१६ साली प्रसिद्ध झाले. विद्युत्-मासेमारीच्या जुन्या नोंदींशी निष्कर्ष बहुतांशी जुळले. परंतु ज्या खोऱ्यात मासा अगदी विरळ आहे असे समजले जात होते, तेथे तो पूर्वीच्या समजापेक्षा अधिक विस्तृत भागात असल्याचे दिसून आले. ह्या अनुभवावर पुढे सगळ्या क्षेत्रासाठी योजना आखली गेली. ‘हवामान-ढाल’ प्रतिमानाने दाखविलेल्या थंड पट्ट्यांवर ठराविक अंतरांनी नमुन्यांच्या जागा आधीच नकाशावर निश्चित करावयाच्या आणि निरनिराळ्या संस्थांच्या कर्मचाऱ्यांनी एकाच पद्धतीने नमुने घेऊन ते मिसूला येथील प्रयोगशाळेकडे पाठवावयाचे, असे तिचे स्वरूप होते. पूर्वी प्रत्येक संस्था आपापल्या सोयीच्या, बहुधा रस्त्यालगतच्या, जागा तपासत असे. ह्या योजनेचे मोठेपण नमुन्यांच्या संख्येहूनही जागांच्या ह्या पूर्वनिश्चितीत आहे.

दोन्ही साधने एकत्र का आणावी लागतात ह्याचे सर्वांत सबळ कारण मात्र गणिती आहे, आणि ते पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. पुढील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेले आहेत. समजा, मासा असेल तर एका नमुन्यात तो सापडण्याची संभाव्यता ८५ टक्के आहे, आणि मासा नसतानाही चुकून होकार मिळण्याची संभाव्यता १ टक्का आहे. चाचणी एकंदरीत उत्तम म्हणावी अशी. प्रतिमानाने केवळ २ टक्के संभाव्यता दिलेले १००० पट्टे घेतले, तर त्यांपैकी २० पट्ट्यांत मासा असेल आणि १७ ठिकाणी तो सापडेल. उरलेल्या ९८० पट्ट्यांपैकी सुमारे १० ठिकाणी खोटा होकार मिळेल. म्हणजे २७ होकारांपैकी केवळ १७, सुमारे ६३ टक्के, खरे. तीच चाचणी ५० टक्के संभाव्यतेच्या १००० पट्ट्यांवर केली, तर ४२५ खरे होकार आणि ५ खोटे; म्हणजे होकार ९९ टक्के विश्वसनीय. चाचणी बदलली नाही, प्रयोगशाळा बदलली नाही. केवळ जागा बदलली आणि होकाराची किंमत बदलली.

नकाराचेही तसेच. ९० टक्के संभाव्यतेच्या १००० पट्ट्यांपैकी ९०० मध्ये मासा असतो. त्यांतील १३५ ठिकाणी तो एका नमुन्यात सापडत नाही. उरलेल्या १०० पैकी ९९ ठिकाणी खरा नकार मिळतो. एकूण २३४ नकारांपैकी १३५, म्हणजे सुमारे ५८ टक्के, चुकीचे! अतिशय अनुकूल जागी एका नमुन्याने मिळालेला नकार हा मासा नसल्याचा पुरावा नव्हेच. अशा जागी तीन स्वतंत्र नमुने घेतले, तर तिन्ही चुकण्याची संभाव्यता ०·१५ चा घन, म्हणजे सुमारे ०·३ टक्के इतकी खाली येते. मग नकारास अर्थ प्राप्त होतो. शोधाच्या अपूर्णतेस गणितात स्थान देऊन जातीने व्यापलेल्या जागांचे प्रमाण काढण्याची पद्धत मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मांडली. पुनरावृत्त नमुन्यांचा आग्रह त्या पद्धतीच्या मुळाशी आहे. ‘स्वतंत्र’ हा शब्द मात्र जपून वापरावयास हवा. एकाच वेळी, एकाच बुटावरच्या चिखलाने दूषित झालेले तीन नमुने हे तीन साक्षीदार नसून एकाच साक्षीदाराची तीनदा घेतलेली जबानी होय.

खोट्या होकाराचा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही, हे शिकागोच्या उदाहरणावरून दिसून आले. आशियाई कार्प मासे मिसिसिपी खोऱ्यातून महासरोवरांत शिरू नयेत म्हणून तेथील कालव्यात विद्युत्-अडसर बसविले आहेत. अडसराच्या पलीकडील पाण्यात ह्या माशांचे डीएनए २००९ साली सापडले, आणि जलमार्गाचे दरवाजे बंद करण्याच्या मागणीसाठी राज्ये न्यायालयात गेली. जून २०१० मध्ये कॅल्युमेट सरोवरात एक बिगहेड कार्प प्रत्यक्ष सापडला. तथापि पुढच्या तपासांत असेही दिसून आले की मासा नसताना त्याचे डीएनए पक्ष्यांच्या विष्ठेतून, नावांच्या तळांवरून वा सांडपाण्याच्या वाटेने तेथे पोहोचू शकते. डीएनए खरेच त्या माशाचे होते. वाद होता तो जिवंत मासा तेथे आहे काय ह्याविषयी. हा भेद सांभाळला नाही तर कोट्यवधी डॉलरांचे निर्णय एका गाळणीवर टांगले जातात.

वाहत्या पाण्यात ही अडचण अधिक जाणवते. स्वित्झर्लंडमधील ग्लाट नदीवर डायनर आणि आल्टरमाट ह्यांनी केलेल्या कामात सरोवरातील दोन अपृष्ठवंशी प्राण्यांचे डीएनए उगमापासून सुमारे ९ आणि १२ किलोमीटर अंतरापर्यंत आढळले. लहान ओढ्यात ते अंतर कमी असते. मासे नसलेल्या ओढ्यांत पिंजऱ्यात ब्रुक ट्राउट ठेवून केलेल्या प्रयोगात सुमारे २४० मीटर खालपर्यंत त्यांचे डीएनए मिळाले, आणि प्रवाहाच्या मानाने त्याचे प्रमाण बदलले. म्हणून ओढ्यातील होकाराचा अर्थ ‘मासा येथे आहे’ असा नसून ‘मासा येथे किंवा येथून वर कोठेतरी आहे’ असा घ्यावा लागतो. ह्यात एक लाभही दडलेला आहे : योग्य जागी घेतलेला एक नमुना वरच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्याची साक्ष देतो. उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी उतरल्यावर, नमुने घेण्याचा प्रघातही ह्याच विचारातून आला. पाणी भरपूर असताना डीएनए विरळ होते. शिवाय अंडी घालण्याच्या काळात खालून आलेल्या एखाद्या प्रवासी प्रौढाचा होकार हा स्थायिक पिल्लांचा होकार म्हणून वाचला जाण्याचा संभव असतो.

सर्वांत कठीण प्रश्न ब्रुक ट्राउटने निर्माण केला. ब्रुक आणि बुल ह्यांचा संकर होतो. संकर-संततीची प्रजननक्षमता फार कमी असल्याने अशा प्रत्येक मीलनात बुल ट्राउटचा एक प्रजननकाळ वाया जातो. संख्येने अधिक आणि लवकर वयात येणाऱ्या ब्रुक ट्राउटला हा व्यय परवडतो. बुल ट्राउटला परवडत नाही. आता, तंतुकणिकीय डीएनए संततीस केवळ आईकडून मिळते. ज्या संकराची आई बुल ट्राउट असेल त्याचे सांडलेले डीएनए चाचणीस बुल ट्राउटचेच दिसेल. म्हणजे ज्या ओढ्यात शुद्ध बुल ट्राउट उरलेला नसून काही संकरच फिरत आहेत, तेथेही होकार मिळू शकतो आणि संरक्षणाच्या यादीत ओढ्याची नोंद निर्वेधपणे चालू राहू शकते. एकाच नमुन्यात दोन्ही जातींचे डीएनए सापडले, तर ती धोक्याची खूण समजून तेथे मासे पकडून त्यांच्या केंद्रकीय डीएनएची तपासणी करणे, एवढाच मार्ग उरतो. गाळणीने जाळे निरुपयोगी केले, असा समज करून घेणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. संख्या, वय, नर-मादी, विणीची स्थिती ह्यांपैकी कशाचेही उत्तर गाळणी देत नाही. डीएनएच्या प्रमाणावरून माशांच्या संख्येचे अनुमान करण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण तपमान, प्रवाह आणि पाण्यातील ह्युमिक द्रव्ये ह्यांमुळे ते नाते फार सैल होते.

दोन निकटच्या जाती, त्यांतील एक मानवाने आणून सोडलेली, ही परिस्थिती भारतीय वाचकास अपरिचित नाही, आणि तिचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. मुळा-मुठेच्या पाण्यातील नमुन्यांवरून साइक्स ह्यांनी १८३९ साली वर्णिलेला टॉर खुद्री हा महाशीर लोणावळ्याच्या मत्स्यप्रजनन केंद्रात मोठ्या प्रमाणावर वाढविला गेला. हे बीज कावेरीतही सोडण्यात आले. कावेरीचा स्वतःचा कुबडधारी महाशीर त्यानंतरच्या काळात झपाट्याने विरळ झाला. त्याची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी २०१८ साली निश्चित झाली, तोवर तो अतिसंकटग्रस्त जातींत मोडू लागला होता. नाव पक्के होण्यापूर्वीच जाती संपण्याच्या मार्गास लागावी, ही गोष्ट वर्गीकरणशास्त्राकडे दुय्यम विषय म्हणून पाहणाऱ्यांनी विचारात घ्यावी. कारण ज्या जातीचा प्रमाणित संदर्भ-अनुक्रम उपलब्ध नाही, तिच्यासाठी पर्यावरणीय डीएनएची चाचणी आखताच येत नाही.

प्रतिमान आणि गाळणी एकत्र वापरताना एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. प्रतिमानाने उंच संभाव्यता दाखविलेल्या जागीच सर्व नमुने घेतले, तर प्रतिमानाच्या चुका कधीच उघडकीस येत नाहीत. मासा सापडला तो अपेक्षित जागीच सापडला असे दरवेळी दिसते, आणि प्रतिमान अधिकाधिक अचूक असल्याचा भास होतो. म्हणून नमुन्यांचा काही हिस्सा मुद्दाम नापसंत जागांसाठी राखून ठेवावयास हवा, आणि तेथील होकार मान्य करण्यासाठी दुसऱ्या स्वतंत्र नमुन्याची अट घालावयास हवी. वरील गणितात २ टक्के संभाव्यतेच्या पट्ट्यांवर दोन स्वतंत्र होकारांची अट घातली, तर खोटे होकार जवळजवळ नाहीसे होतात आणि २० पैकी सुमारे १४ खरे पट्टे हाती राहतात. उरलेले सहा निसटतात, ही त्या अटीची किंमत. ती किंमत द्यावयाची की नाही हे चुकीच्या परिणामांवर ठरते. ब्रुक ट्राउट नाहीसा करण्यासाठी ओढ्यात रोटेनोन हे मत्स्यविष सोडावयाचे असेल, तर शेवटचा बुल ट्राउट निसटून चालत नाही. तेथे एकाही होकाराकडे दुर्लक्ष करता येत नाही. एखाद्या दूरच्या ओढ्यावर केवळ पुढील पाहणी आखावयाची असेल, तर थोडी चूक सोसते. विष सोडल्यानंतरही हीच पद्धत उलट्या दिशेने वापरली जाते : ब्रुक ट्राउट पुरता गेला काय हे पाहण्यासाठी पुन्हा पाणी गाळले जाते, मात्र मेलेल्या माशांचे डीएनए नाहीसे होईपर्यंत थांबून.

मिसूलाच्या प्रयोगशाळेकडे आलेल्या गाळण्यांतून वेगळे केलेले डीएनए एका तपासणीत संपत नाही. उरलेला अंश गोठवून ठेवतात. बुल ट्राउटच्या शोधासाठी घेतलेल्या पाण्यात त्या ओढ्यातील इतर मासे, शिंपले आणि उभयचर ह्यांचेही डीएनए असते, आणि त्यांच्यासाठी चाचण्या तयार होत जातील तसतसे जुने नमुने नव्याने तपासता येतात. ओढ्यांतील ह्या नोंदी अमेरिकेच्या वनसेवेने एका सार्वजनिक संग्रहात खुल्या केल्या आहेत. त्यांत मासा सापडलेल्या जागा आहेत, तशाच न सापडलेल्या जागाही आहेत.